बॉर्डरराव

बॉर्डररावांचं खरं नाव विचारू नये. ते प्रत्येक कचेरीत एक, प्रत्येक सोसायटीत दोन आणि प्रत्येक लग्नाच्या शेवटच्या पंगतीत निदान चार या प्रमाणात सापडतात. वय साधारण सत्तावन्न वर्षं अकरा महिने. उंची 164.5 सेंटिमीटर, म्हणजे पोलीस भरतीला लागणाऱ्या 165 ला अर्धा सेंटिमीटर कमी. हा अर्धा सेंटिमीटर ते प्रत्येक नव्या ओळखीच्या माणसाला अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवतात. दोन बोटांत प्रत्यक्ष राहतं ते अंतर दोन मिलिमीटरच असतं. पण अन्यायाचं माप ज्याच्यावर झाला त्यानेच घ्यायचं असतं.

बाकीचा बायोडेटा एका शब्दात मावतो. दहावी? बॉर्डरवर पास. शुगर? बॉर्डरलाइन. बीपी? बॉर्डरला आहे, पण गोळी नाही. घर? हद्दीच्या बॉर्डरवर. मुलीची पत्रिका किती जुळली? छत्तीसपैकी अठरा गुण. अठरा जुळले की ज्योतिषी मान डोलावतो. एकोणीस जुळले असते तर बॉर्डररावांनी स्थळाबद्दल जास्तीची चौकशी केली असती. एवढं जुळतंय म्हणजे मुलाकडचे काहीतरी लपवत असणार.

मराठी माणसाने कडेसाठी इंग्रजीकडून बरेच शब्द उसने आणले आणि प्रत्येकाला वेगवेगळ्या खात्यात नोकरीला लावलं. बॉर्डर साडीला असते, देशाला असते आणि मार्कांना असते. मार्जिन शाळेच्या वहीत डावीकडे असतं आणि मोठेपणी दुकानदाराच्या खिशात जातं. मराठीचे मास्तर त्याला समास म्हणायचे, पण समास सोडवायलाही सांगायचे आणि सोडायलाही, त्यामुळे पोरांनी मार्जिन पसंत केलं. बाउंड्री मैदानाला, कंपाउंड बंगल्याला, कट-ऑफ ॲडमिशनला. लिमिट मात्र फक्त ओलांडली गेल्यावरच आठवते: "आता लिमिट झाली हं!" यात खुद्द 'एज' तेवढा मराठीत रुजला नाही. त्या उच्चाराची खुर्ची वयाने आधीच अडवून ठेवली होती. बॉर्डररावांना त्याची अडचण कधी जाणवली नाही, कारण त्यांच्या बाबतीत दोन्ही एज कायम एकाच जागी भेटत आले. स्पर्धा परीक्षेचा शेवटचा अर्ज त्यांनी वयोमर्यादा संपायच्या आदल्या दिवशी भरला होता.

या सगळ्या शब्दांना आपण समानार्थी समजतो. बॉर्डररावांना विचारलं तर ते हताश होऊन मान हलवतात. "लिमिट सरकार ठरवतं. कट-ऑफ दुसऱ्यांचे मार्क ठरवतात. मार्जिन आपण ठेवायचं असतं. आणि बॉर्डर? बॉर्डरवर राहायचं असतं." शेवटचं वाक्य ते असं म्हणतात, की ऐकणाऱ्याला त्यांच्या बाजूला थोडी जागा रिकामी असल्याचा भास होतो.

आता दहावीचं. बॉर्डररावांची गुणपत्रिका बघण्याजोगी आहे आणि ते ती दाखवतातही. इंग्रजी 35. विज्ञान 35. सामाजिक शास्त्रं 35. गणित 36. या छत्तिसावर बोट ठेवून ते क्षणभर थांबतात. "हा एक वाया गेला." पेपरात शेवटची दहा मिनिटं उरली असताना इतर मुलं पुरवणी मागत होती, तेव्हा बॉर्डरराव प्रश्नपत्रिकेच्या उजव्या कडेला छापलेले गुण बेरजेला घेत होते. कुठल्या उत्तराला पूर्ण मिळतील, कुठे निम्मे, तपासनीस कडक निघाला तर किती, हे सगळं धरून आकडा चाळीसवर गेला तेव्हा त्यांनी पेन बंद केलं. पाच गुण घसाऱ्याला ठेवले. त्यांचा सिद्धांत असा, की पास व्हायला 35 लागतात. वरचे सगळे गुण ही बोर्डाला दिलेली देणगी आहे, आणि तिची पावतीही मिळत नाही.

यावर हसणं सोपं आहे. पण जरा विचार करा. नापास होणाऱ्याला 35 कुठे आहे हे माहीत नसतं. नव्वद टक्केवाल्याला ते माहीत करून घ्यायची गरज नसते. ती रेघ नेमकी कुठे आहे, किती जाड आहे आणि ग्रेसचे गुण तिला कुठून धक्का देऊ शकतात, हा अभ्यास फक्त तिच्यावर उभा राहणारा माणूस करतो. बॉर्डररावांना पाठ्यपुस्तक आलं नसेल, पण परीक्षा पूर्ण आली होती.

हा गुण त्यांच्या रक्तात आहे. मूळचं घराणं शेतकऱ्याचं. आजोबा नांगर धरायचे तेव्हा शेजारच्या बांधाच्या बाजूला दरसाल अर्धा तास जास्त जायचा. तास म्हणजे नांगराची रेघ. घड्याळाशी आजोबांचा संबंध नव्हता. याला गावात बांध कोरणं म्हणतात. करणारा त्याला मशागत म्हणतो. शेजारीही काही हात बांधून बसला नव्हता, तो पलीकडून कोरायचा. दोन पिढ्यांत बैलगाडी जाईल एवढा बांध मांजर जाईल एवढा उरला, आणि मग दोन्ही घरं मिळून मोजणीच्या अर्जाला निघाली.

बॉर्डररावांचं पहिलं शिक्षण या मोजणीत झालं. गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, 1089 चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. जुन्या मोजणीची साखळी 33 फुटांची आणि तिचे सोळा आणे. विंगेट आणि गोल्डस्मिड या दोन साहेबांनी 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून जमाबंदीची जी पद्धत बसवली, तिच्या नोंदी आजही नातवंडांना कोर्टात भांडायला उपयोगी पडतात, हे त्यांना शाळेत जायच्या आधी ठाऊक होतं. मोजणीदार आला, दगड रोवून गेला. रात्री दगड सरकला. सकाळी दोन्ही घरांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. दगड गुरांनी हलवला असावा, असा तोडगा पंचांनी काढला. गावातली गुरं त्या काळी भूमिती चांगली जाणत.

पुढे 2023 साली सरकारने सलोखा योजना आणली. बारा वर्षांपासून एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असा गुंता असेल तर अदलाबदलीच्या दस्ताला हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी, एवढ्यात मिटवून टाका. भाऊबंदांनी बॉर्डररावांना फोन केला. बॉर्डरराव म्हणाले, "मिटवा, पण शेवटच्या तारखेला."

शेवटची तारीख हा त्यांचा सण आहे. आपल्याकडे आयकर विवरणपत्राची 31 जुलै ही तारीख बहुतेक लोक धसका म्हणून ओळखतात. बॉर्डरराव त्या दिवशी लवकर जेवून घेतात. रात्री साडेअकराला संगणकापुढे बसतात. संकेतस्थळ फिरत राहतं, ओटीपी येत नाही, घरातली माणसं श्वास रोखून उभी. अकरा वाजून त्रेपन्न मिनिटांनी विवरणपत्र स्वीकारलं जातं. "सात मिनिटं शिल्लक होती," असं म्हणत ते घामेजलेलं कपाळ पुसतात आणि मग दोन दिवसांनी मुदतवाढ जाहीर झाली की त्यांना जो धक्का बसतो तो पाहवत नाही. मुदतवाढीला ते सरकारने केलेली फसवणूक समजतात. रेघ आखून दिल्यावर ती उचलून पुढे नेणं म्हणजे पोहणारा काठाला लागल्यावर काठ सरकवण्यातलाच प्रकार.

कायद्यातलं एक कलम मात्र त्यांनी मनोमन फ्रेम करून लावलं आहे. नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला आता कर नाही. मग उत्पन्न बारा लाख दहा हजार झालं तर? टप्प्यांच्या हिशेबाने कर साडेएकसष्ट हजार येतो. म्हणजे दहा हजार जास्त कमावून माणूस साडेएक्कावन्न हजारांनी गरीब. तिथे मार्जिनल रिलीफ नावाची सवलत धावून येते आणि म्हणते, दहा हजार जास्त कमावलेस ना, तेवढेच दे. हे सांगताना बॉर्डररावांचा आवाज जड होतो. "बघा. रेघेवर पाय पडलेल्या माणसाचा विचार दिल्लीतही कोणीतरी करतंय." त्यांचं स्वतःचं उत्पन्न बारा लाखांच्या आसपासही नाही. पण वारकरी असायला पंढरपुरात घर लागत नाही.

कचेरीतल्या त्यांच्या कीर्तीचा पाया लेटमार्क हा आहे. तीन लेटमार्क झाले की एक किरकोळ रजा कापली जाते. संपूर्ण नोकरीत बॉर्डररावांनी दरमहा दोन लेटमार्क घेतले. तिसरा कधीच नाही. महिन्याच्या आठ तारखेपर्यंत दोन्ही वापरून होत, आणि मग उरलेला महिना ते घड्याळावर नऊ पंचेचाळीसचा काटा पडताना मशीनवर अंगठा ठेवत. राज्य सरकारी कचेऱ्यांचा पाच दिवसांचा आठवडा 29 फेब्रुवारी 2020 पासून सुरू झाला तेव्हा बाकीच्यांनी शनिवार मोकळा मिळाल्याचा आनंद केला. बॉर्डररावांनी तारखेचं कौतुक केलं. चार वर्षांतून एकदा उगवणारा, फेब्रुवारीच्या कडेला चिकटलेला दिवस. असा मुहूर्त काढणाऱ्या अधिकाऱ्याला एकदा भेटायची त्यांची इच्छा राहून गेली.

वरिष्ठांनी त्यांना कधी मेमो दिला नाही. द्यायला जागाच नव्हती. फाईल ज्या दिवशी मागितली त्या दिवशी पाच वाजून चाळीस मिनिटांनी टेबलावर. खर्च 31 मार्चच्या संध्याकाळी पडलेला. निधी परत गेला असं त्यांच्या टेबलावर एकदाही झालं नाही. लवकर येणारे, मन लावून काम करणारे आणि आठ दिवस आधी फाईल तयार ठेवणारे लोक त्याच कचेरीत होते. त्यांना आणखी फाईली मिळाल्या.

तब्येतीच्या बाबतीतही हेच शास्त्र. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी नावाची तपासणी असते. तिचा आकडा 5.7 च्या खाली असला तर ठीक, 6.5 झाला तर मधुमेह, आणि मधला पट्टा बॉर्डरलाइनवाल्यांचा. बॉर्डरराव 6.4 वर.

डॉक्टर म्हणाले, "जरा जपा. साडेसहाला आम्ही डायबिटीस म्हणतो."

"म्हणजे अजून एक पॉइंट शिल्लक आहे."

"तो खर्च करायचा नसतो हो!"

त्या संध्याकाळी त्यांनी एक गुलाबजाम घेतला. एकच. अर्धा खाऊन अर्धा बायकोच्या ताटात सरकवला आणि म्हणाले, "दशांश चिन्हानंतरचं आपण वाटून घेऊ."

बायकोने भात बंद केला, साखरेचा डबा माळ्यावर टाकला, पहाटे उठवून टेकडीवर पिटाळलं. सहा महिन्यांनी आकडा आला 5.6. नॉर्मल. घरात आनंदीआनंद. बॉर्डरराव मात्र रिपोर्ट उलटसुलट करून बघत होते. नाव बरोबर आहे ना? वय? त्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये तपासणी केली. तिथे 5.7 आला, तेव्हा कुठे त्यांना जेवण गेलं.

त्यांच्या घराचा इतिहास तर पुण्याच्या वाढीचा इतिहास आहे. महापालिकेच्या हद्दीच्या बाहेर, पण इतक्या बाहेर नाही की टँकरने पाणी आणावं, अशी जागा त्यांनी नकाशावर पट्टी ठेवून शोधली होती. ग्रामपंचायतीचा कर आणि शहराचा बसस्टॉप. जाहिरातीत अशा भागाला जवळच्या नामांकित पेठेचं किंवा उपनगराचं नाव देऊन पुढे एक्स्टेंशन, ॲनेक्स किंवा नुसतंच न्यू लावतात. पाहुण्यांना पत्ता सांगताना बॉर्डरराव उपनगराचं नाव मोठ्याने आणि एक्स्टेंशन हळू म्हणायचे. घरपट्टी भरताना उलट.

मग 2017 साली अकरा गावं महापालिकेत आली. बॉर्डररावांचं गाव सुटलं. ते पेढे वाटत होते. चार वर्षांनी, 2021 च्या जूनमध्ये, आणखी तेवीस गावं आली. त्यात ते सापडले. आयुष्यभर जे स्वतः चालत बॉर्डरवर गेले, त्यांना बॉर्डर ओलांडून पुढे निघून गेली. करपावतीचा रंग बदलला. काही दिवस ते संध्याकाळी गच्चीवर जाऊन नवी हद्द कुठवर गेली ते बघत असत. नंतर सोसायटीच्या सात इमारतींपैकी शेवटच्या, कंपाउंडला लागून असलेल्या इमारतीत त्यांनी फ्लॅट बदलून घेतला. माणसाला थोडा तरी आधार लागतोच.

प्रवास त्यांचा ठरलेला. कन्फर्म तिकीट नको, वेटिंगचं तर नकोच. आरएसी. म्हणजे गाडीत चढायचा हक्क पक्का, झोपायचा निम्मा. साइड लोअरच्या एका बर्थवर दोन अनोळखी माणसं समोरासमोर पाय आखडून बसणार, आणि रात्री दोनला दोघांचेही गुडघे एकाच हद्दीवर येणार. बॉर्डरराव मधोमध आपली बॅग ठेवतात आणि समोरच्याला अदबीने सांगतात, "ही आपली लाइन." पहाटेपर्यंत बॅग चार इंच सरकलेली असते. कुठल्या बाजूला, हे आजोबांना माहीत.

फिरायलाही ते अशाच जागी जातात. महाबळेश्वरात सगळे पॉइंट बघायला जातात, बॉर्डररावांनी कुटुंबाला नेलं नवापूरला. नंदुरबार जिल्ह्यातलं हे रेल्वे स्थानक. महाराष्ट्र आणि गुजरात 1960 साली वेगळे झाले तेव्हा हद्द स्थानकातूनच गेली, त्यामुळे फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत. हद्द एका बाकाच्या मधून जाते. गाडीची घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होते. बॉर्डरराव त्या बाकावर बरोबर मध्यावर बसले. मुलीने फोटो काढला. "बाबा, थोडं इकडे सरका, खांब येतोय." "नाही सरकणार," ते म्हणाले. दोन राज्यांनी एकाच वेळी बसायला जागा दिली असताना खांबाची पर्वा कोण करतो?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात चौदा गावं आहेत, ज्यांच्यावर महाराष्ट्राचाही दावा आहे आणि तेलंगणाचाही. तिथे दोन्हीकडच्या योजना, दोन्हीकडच्या शाळा, दोन्हीकडच्या मतदारयाद्या. बातमी वाचून बॉर्डरराव बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी बायकोला विचारलं, "तिकडे फ्लॅट मिळतो का बघायचा?" पण बेळगावचा विषय निघाला की ते विनोद करत नाहीत आणि कोणी केला तर उठून जातात. 1956 पासून लोक त्या रेघेच्या चुकीच्या बाजूला आपली भाषा सांभाळून आहेत आणि 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. रेघ आपण निवडलेली असली तर ती बॉर्डर, दुसऱ्याने आपल्यावर टाकलेली असली तर तो प्रश्न, एवढा फरक त्यांना कळतो.

त्यांच्या घरात बॉर्डरला खरी प्रतिष्ठा मिळते ती बायकोच्या कपाटात. तिथे बॉर्डररावांचं काही चालत नाही. येवल्याची पैठणी घ्यायला गेल्यावर दुकानदार अंग दाखवत होता, आणि वहिनी म्हणत होत्या, "काठ दाखवा." नारळी काठ वेगळा, मुनिया काठ वेगळा. मुनियाच्या काठात हिरवे पोपट बसतात आणि किंमत उडते. विदर्भातली करवतकाठी निराळी, तिच्या काठाला करवतीचे दाते. इरकलीच्या काठाची ओळख आणखी वेगळी. सहा वार कापडातली पाच वार जागा साधी असली तरी चालेल. दर ठरतो कडेच्या चार बोटांत.

बॉर्डररावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हणजे साडीत जे मधे असतं त्याला काही भाव नाही?"

"ते नुसतं कापड हो," वहिनी म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी पैठणी घासाघीस न करता घेतली. त्यांच्या लग्नानंतरचा हा एकमेव प्रसंग.

क्रिकेट बघताना ते बॉलरकडे बघत नाहीत, बॅट्समनकडे बघत नाहीत. त्यांची नजर दोरीवर. फिल्डरचा बूट दोरीला लागला की नाही, हा त्यांच्या मते खेळाचा गाभा आहे. अंपायर्स कॉल या नियमाचे ते कट्टर समर्थक: अर्ध्यापेक्षा कमी चेंडू यष्टीला लागत असेल तर मैदानावरच्या पंचाचा निर्णय कायम. घरातली सगळी तरुण मंडळी या नियमाला शिव्या घालतात आणि बॉर्डरराव शांतपणे म्हणतात, "थोडक्यात असेल तर जो उभा आहे त्याला उभा राहू द्या."

14 जुलै 2019 ही त्यांच्या आयुष्यातली सोन्याची तारीख. लॉर्ड्सवर विश्वचषकाची फायनल बरोबरीत सुटली. सुपर ओव्हर झाली, तीही बरोबरीत. आणि मग जगज्जेता कोण, हे ठरलं बाउंड्रींच्या मोजणीवर: इंग्लंड 26, न्यूझीलंड 17. जगभर हळहळ झाली. न्यूझीलंडवर अन्याय झाला असं सगळे म्हणाले, आणि तो झालाच होता. बॉर्डरराव मात्र सोफ्यावर उभे राहून टाळ्या वाजवत होते. अखेर जगाने मान्य केलं होतं, की सगळं बरोबरीत आलं की निकाल कडेवर लागतो! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयसीसीने तो नियम रद्द केला. बॉर्डररावांनी त्यानंतर आयसीसीबद्दल चांगला शब्द काढलेला नाही.

आणि मग निवृत्ती आली. त्यांच्या पिढीतल्या खेड्यातल्या मुलांची जन्मतारीख कित्येकदा आईला नक्की सांगता येत नसे. शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी रजिस्टर पुढे ओढून 1 जून लिहून टाकायचे. निम्मा महाराष्ट्र त्यामुळे एकाच दिवशी वाढदिवस करतो. बॉर्डरराव शाळेत महिनाभर उशिरा गेले, म्हणून त्यांच्या नावापुढे पडली 1 जुलै. तेव्हा कोणाला काय कळणार होतं? सरकारी नियम असा, की माणूस वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. पण जन्म एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणजे 30 जून. आणि वार्षिक वेतनवाढ लागते 1 जुलैला.

एका दिवसाने! वर्षभर राबून कमावलेली वेतनवाढ, आणि ती घ्यायला माणूस दुसऱ्या दिवशी नोकरीत नाही. आयुष्यभर जो रेघेच्या आत टाच टेकवून उभा राहिला, त्याच्या पायाखालून गुरुजींनी पन्नास वर्षांपूर्वी रेघ ओढून घेतली होती. कचेरीत सगळ्यांना वाटलं, आता म्हातारा खचणार. पण बॉर्डरराव निरोप समारंभाला आले ते खिशात एक कात्रण घेऊन. कर्नाटकातल्या वीज पारेषण महामंडळाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 11 एप्रिल 2023 रोजी सांगितलं होतं, की वर्षभर चांगली सेवा करून कमावलेली वेतनवाढ दुसऱ्याच दिवशी निवृत्त झाला म्हणून नाकारता येणार नाही. साहेबांचं भाषण चालू असताना बॉर्डरराव मान खाली घालून बसलेले दिसले. लोकांना वाटलं गहिवरले. ते अर्जाचा मसुदा वाचत होते.

निवृत्तीनंतर ते सोसायटीच्या कामात पडले. तिथे मात्र त्यांनी जी जागा मिळवली ती निवडून आलेल्यांनाही मिळाली नव्हती. सोसायटीत सभासद दीडशे. वार्षिक सभेचा कोरम दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. म्हणजे वीस. दीडशेतून वीस माणसं रविवारी सकाळी खाली उतरवणं किती कठीण असतं, हे ज्याने केलं त्यालाच ठाऊक. दहाला सभा. सव्वादहाला अकरा जण. दहा वीसला सतरा. सेक्रेटरी फोन लावतोय. साडेदहाला अर्ध्या तासाची मुदत संपणार, सभा तहकूब करावी लागणार, पाण्याच्या टाकीचा ठराव पुन्हा लटकणार. एकोणीस जण खुर्च्यांवर बसून चहा पीत आहेत, पण ती सभा नव्हे; तो नुसता चहा.

दहा एकोणतीसला शेवटच्या इमारतीतून बॉर्डरराव येतात. इस्त्रीचा सदरा, हातात स्वतःचं पेन. रजिस्टरवर विसावी सही होते. चेअरमन घसा खाकरतात, माइक सुरू होतो, टाकीचा ठराव वाचायला घेतला जातो.

गेल्या सभेत पहिल्या रांगेतले एक सभासद चिडले. ते दहाला पाच कमी असताना येऊन बसले होते. "बॉर्डरराव, आम्ही अर्धा तास ताटकळतो इथे. एकदा तरी वेळेवर येत जा!"

बॉर्डररावांनी पेनाचं टोपण लावलं, पेन खिशाला अडकवलं आणि मागच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर बसता बसता म्हणाले,

"तुम्ही एकोणीस जण होतात, तोवर सभा सुरू झाली होती का?"

"नाही."

"मी आलो आणि झाली. मग वेळेवर कोण आलं?"